भडंग व्हाया भिवंडी

दूरसंचाराच्या ज्या ज्या धंद्यात मी पैसे घातले, त्या त्या धंद्याचे दर लगोलग कोसळले. आमचा मेहुणा तर उघडच म्हणतो, “देशात फोन स्वस्त झाला याचं श्रेय लोक ट्रायला देतात. पण आमच्या दाजींनी बूथ काढला नसता तर एसटीडी आजही महागच असती.” हे तो नेमकं पंगतीत, माझ्या पानात आग्रहाची जिलेबी वाढताना म्हणतो, त्यामुळे मला उत्तर देता येत नाही. आणि तोंड रिकामं असतं तरी काय उत्तर दिलं असतं? तारखा सगळ्या त्याच्या बाजूच्या आहेत.

वडिलांनी फोनसाठी अर्ज केला तेव्हा मी कॉलेजात होतो. फोन आला तेव्हा मला मुलगा झाला होता. मधल्या काळात माझं लग्न झालं आणि त्या पत्रिकेवर शेजारच्या वकिलांचा नंबर आणि त्यापुढे ‘पी.पी.’ असं छापलं होतं. ज्याच्या घरी फोन नाही त्याने ज्याच्या घरी आहे त्याचा नंबर बिनदिक्कत छापावा, अशी तेव्हाची रीत होती, आणि वकीलही अशिलांच्या कामापेक्षा आमच्या निरोपांसाठीच जास्त वेळा उठत. जास्तीची अनामत भरून फोन लवकर मिळवायची ‘ओन युवर टेलिफोन’ नावाची एक सरकारी योजना होती. वडील म्हणाले, “एवढे पैसे भरून फोन करायचा कुणाला? आपल्या ओळखीत फोन आहे कुणाकडे?” मुद्दा बिनतोड होता. आमच्या ओळखीतले सगळे आमच्याच रांगेत उभे होते.

पुण्याच्या आत्याशी बोलायचं तर ट्रंक कॉल. त्याचे साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे चढते दर. साधा कॉल सकाळी नोंदवला की घरातलं एक माणूस दिवसभर वकिलांच्या ओसरीवर बसवून ठेवायचं. लाइटनिंग कॉल घरातलं कुणी गेलं तरच करायचा, असा समाजाचा अलिखित नियम होता. आत्याच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा तिने हौसेने लाइटनिंग लावला. ‘पुण्याहून लाइटनिंग’ एवढं ऐकूनच आमच्या आजीने हंबरडा फोडला. पलीकडून आत्याला तो ऐकू गेला, तिला वाटलं इकडेच कुणीतरी गेलं, तिनेही फोडला. तीन मिनिटं संपली. प्रवेशाची बातमी मग कार्डाने कळली.

शेवटी फोन आला तेव्हा आईने त्यावर क्रोशाचं झाकण विणलं आणि वडिलांनी डायलला कुलूप घातलं. किल्ली जानव्याला. पण रिसीव्हर ठेवतात त्या खुंटीवर बोटाने ठेक्यात टकटक केलं की कुलूप न काढताही नंबर लागतो, तीनला तीन टकटक, नऊला नऊ, शून्याला दहा, ही विद्या मला आमच्या बँकेतल्या शिपायाने शिकवली. महिन्याचं बिल बघून वडील आधी किल्लीकडे आणि मग आकाशाकडे बघत. त्यांनी खात्याकडे तक्रार अर्जही लिहिला. त्याची नक्कल सुवाच्य अक्षरात मीच केली.

याच सुमाराला दिल्लीत काहीतरी घडत होतं, म्हणजे आम्हाला ते नंतर कळलं. 1984 मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, सॅम पित्रोदा नावाचे गृहस्थ अमेरिकेतून आले, आणि वातानुकूलित खोली नसली तरी आपल्या उन्हाधुळीत चालतील अशी छोटी टेलिफोन एक्स्चेंजेस देशात बनू लागली. परदेशी यंत्रं आणून घरोघरी फोन देण्यापेक्षा चौकाचौकात एक फोन आणि त्याच्यामागे कमिशनवर बसलेला एक माणूस, ही त्या काळातली खरी अक्कलहुशारी. बघता बघता पिवळ्या पाट्या लागल्या: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. सांगलीत तर बसस्टँडपासून घरापर्यंत पाट्या वाचत आलं तरी इंग्रजी वर्णमालेतली निम्मी अक्षरं पाठ होत.

रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पावपट होई. त्या पावपट दराची रांग ज्याने पाहिली नाही त्याला नव्वदचं दशक कळायचं नाही. साडेदहापासूनच माणसं जमत. नवरा सीमेवर असलेली आणि दिराला सोबत घेऊन आलेली बाई. मुंबईच्या दलालाला हळदीचा भाव विचारायला आलेला व्यापारी. आपण भलत्याच कामासाठी आलोय असा चेहरा करून सगळ्यांना पुढे जाऊ देणारा आणि मग काचेच्या केबिनमध्ये शिरून भिंतीकडे तोंड करणारा तरुण. केबिनमधला पंखा चालत नसे. बाहेर आलेला माणूस घामाने निथळत, लाल आकड्यांच्या मीटरकडे आशाळभूतपणे बघत पैसे मोजी आणि यंत्र कर्र करून चिठ्ठी बाहेर टाकी. मीही त्याच रांगेत असायचो, कारण घरच्या फोनवर एसटीडी घेऊ द्यायला वडील तयार नव्हते. मी बँकेत कॅशियर. रांगेत उभं राहून मी फोनचा विचार करत नसे. मालकाच्या गल्ल्याचा हिशेब करत असे. दर मिनिटाला इतके, रात्रीत इतके, महिन्याला इतके. बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात आपण आयुष्य घालवतोय हे मला त्या रांगेत कळलं.

तेवढ्यात 1995 च्या 31 जुलैला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीच्या सुखराम मंत्र्यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. मिनिटाला 16 रुपयांच्या घरात दर, आणि आलेल्या फोनचेही पैसे! मी मेहुण्याला म्हणालो, “हे खेळणं श्रीमंतांचं. आपल्याकडे चालणार नाही. भविष्य पेजरचं आहे.” तेव्हा माझी बदली पुण्याला झाली होती. तिथे मी पेजर घेतला, पट्ट्याला लावला आणि बँकेच्या काउंटरवर जरा तिरका उभा राहू लागलो. पेजरवर निरोप येई ‘घरी फोन कर’. मग मी बूथ शोधत जाई आणि रांगेत उभा राही. यातून माझ्या मनाने पक्कं घेतलं की निरोप कुठल्याही यंत्रावर येवो, माणूस शेवटी बूथवरच येतो.

2001 च्या सुरुवातीला सरकारी बँकांमधून मोठ्या संख्येने माणसं स्वेच्छानिवृत्त झाली. त्यात मी. सांगलीला परत आलो, हातात आलेल्या पैशातून गाळा घेतला, बूथ काढला. चांगल्या लाकडाची केबिन, आत खरोखर चालणारा पंखा, बसायला गादीचं स्टूल, बाहेर पाण्याचा माठ. फीत मेहुण्याने कापली. 2002 च्या जानेवारीत एसटीडीचे दर निम्म्याहून खाली आले. 2003 च्या मे महिन्यात मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले. त्याच पावसाळ्यात 501 रुपये भरून रिलायन्सचा मोबाइल मिळू लागला आणि माझ्या केबिनसाठी सुतारकाम केलेला सुतारच कानाला मोबाइल लावून माझ्या दारावरून जाऊ लागला. “काय साहेब, काय म्हनतोय धंदा?” असं तो हात उंचावून विचारी. नंतर मी ऐकलं की पलीकडे फोनवर कुणीच नसे.

बूथवर उरले ते दोन प्रकारचे लोक. एक, ज्यांच्या मोबाइलमधला बॅलन्स संपलाय. दुसरे, पंख्याखाली बसायला येणारे. बाकी सगळा देश मिस्ड कॉलवर बोलू लागला होता. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे निघतोय, तीन म्हणजे दूध नको. कंपन्यांना एक पै न देता एवढा मोठा देश आपापसात इतकी माहिती कळवू शकतो, हे बघून मला अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त भाडं दिसत होतं. गाळा स्वतःचा होता, तरीही दिसत होतं.

मग सायबर कॅफे. रेल्वेची तिकिटं 2002 पासून इंटरनेटवर मिळू लागली होती, बारावीचे निकाल इंटरनेटवर लागत होते, मुली-मुलांची स्थळं इंटरनेटवर येत होती. मी केबिन मोडून संगणकांसाठी खण केले. निकालाच्या दिवशी माझा थाट काय वर्णावा! आईबाप, मुलगा, मागे आजोबा, आणि मधे मी. नंबर टाकून मी चष्मा सारखा करी आणि घटकाभर काहीच बोलत नसे. नापास झालेल्यांना मी पदरचा चहा पाजत असे. एका वर्षी निकाल कमी लागला आणि चहाचं बिल कमाईच्या वर गेलं. एरवी खणांमध्ये कॉलेजची जोडपी तासन्‌तास बसत. इंटरनेट बंद पडलं तरी तक्रार करत नसत, एवढे समजूतदार ग्राहक मला पुन्हा मिळाले नाहीत. सौभाग्यवतींच्या सांगण्यावरून मी पडदे काढले आणि तेही गेले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते मलाच आठवायला आवडत नाही. 2015 संपता संपता देशातल्या मोबाइल जोडण्या 100 कोटींच्या पुढे गेल्या आणि मला वाटलं, रिचार्जच्या धंद्याला आता मरण नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये मी रिचार्जच्या खात्यात घसघशीत रक्कम भरून ठेवली. 5 सप्टेंबरला जिओ आलं, बोलणं फुकट, इंटरनेटही फुकट. दोन महिन्यांनी नोटाबंदी. ज्या माणसाकडे कधी सुटे नसत तो भाजीवालाही चौकोनी ठिपक्यांचा कागद टांगून यूपीआयवर पैसे घेऊ लागला. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णामाईचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा सांगलीत ज्या घरांचं, दुकानांचं आणि जनावरांचं नुकसान झालं त्यांच्यापुढे माझे जुने संगणक काहीच नव्हते. त्या पुराला मी एक शब्द बोलत नाही. उलट कॅफे बंद करायला एक अब्रूदार कारण त्याने मला दिलं.

इतकं झाल्यावर शहाणा माणूस पेन्शन घेऊन आमराईत फिरायला जातो. पण 2020 च्या लॉकडाउनमध्ये पुण्यातल्या फ्लॅटमध्ये अडकलेल्या आमच्या चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवर आईला विचारलं, “आई, तुझं भडंग इथे का मिळत नाही?” हा प्रश्न खरं तर तिच्यासाठी होता. तो मी ऐकला.

सांगलीचं भडंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठे कुरमुरे, भरपूर लसूण, तिखट, शेंगदाणे, कढीपत्ता, वर मेतकुटाचा किंवा ज्याच्या त्याच्या घराण्याचा मसाला. खाताना कुरकुर आवाज यायला पाहिजे. आवाज गेला की भडंग संपलं, मग ते कितीही शिल्लक असो.

मी कामाला लागलो. अन्नसुरक्षेची नोंदणी झाली, तिला वर्षाला 100 रुपये. जीएसटीचा नंबर आला. ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीकडे दुकानदार म्हणून नाव नोंदवलं. लेबलवर सौभाग्यवतींचा नथ घातलेला फोटो छापला. त्या म्हणाल्या, “अहो, घरात पाहुण्यांना द्यायला भडंग उरत नाही आणि तुम्ही गुवाहाटीला काय पाठवताय?” मी त्यांना देशव्यापी बाजारपेठ समजावून सांगितली. त्यांनी पोळ्या लाटत ऐकली. जाहिरातीच्या फोटोसाठी पितळी ताट घासून घेतलं, मागे त्यांची पैठणी टांगली, बाजूला लिंबू ठेवलं. पहिली ऑर्डर इंदूरहून आली. पहिली तक्रारही तिथूनच: “ताट नहीं मिला.” एक स्टार.

दुसऱ्या एका ग्राहकाने दोन स्टार देऊन लिहिलं होतं, “चिवडा समझके मंगाया. ये तो मुरमुरे हैं.” यावर कंपनीने मला विचारलं की मी उत्तर देऊ इच्छितो का. मी दीड पानाचं उत्तर लिहिलं. तिथे पाचशे अक्षरांच्या वर जागा नव्हती.

कुरिअरवाल्यांचं एक शास्त्र आहे, ते मला पहिलं बिल आल्यावर कळलं. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि 5000 ने भागायचं. येईल ते किलो. खरं वजन आणि हे आकारमानाचं वजन, यांत जे जास्त त्याचे पैसे. माझं खोकं 30 बाय 25 बाय 20. म्हणजे 15000. म्हणजे तीन किलो. आत अर्धा किलो भडंग! मी बँकेत उभी हयात व्याज मोजलेला माणूस, हा गुणाकार मी वेगवेगळ्या बाजूंनी करून पाहिला, उत्तर तेच. चिरंजीव म्हणाले, “बाबा, वजनाच्या मानाने सगळ्यात जास्त जागा खाणारा पदार्थ तुम्ही निवडलाय. याच्याखाली आता फक्त कापूस आहे.” मी पाकिटं दाबून लहान खोक्यात भरून पाहिली. ग्राहकाला भडंगाची पूड मिळाली. त्यावर त्याने चार स्टार दिले, कारण त्याला तो मसाला वाटला.

आणि पत्ते. आपल्या देशाला पिनकोड मिळाला 15 ऑगस्ट 1972 ला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपालाशी आयुष्यभर संबंध असलेले अधिकारी आणि पुन्हा संस्कृतातले कवी. सहा आकड्यांत त्यांनी अख्खा देश बसवला: पहिला आकडा 4 असला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेशाचा पट्टा, आणि पुढे उतरत उतरत थेट पोस्टाची कचेरी. आमच्या सांगलीचा 416416. हा पिनकोड इतका गोंडस आहे की फॉर्म भरून घेणाऱ्या बाई फोनवर हटकून म्हणत, “सर, तुम्ही तीनच आकडे दोनदा सांगताय.” वेलणकरांनी त्यांचं काम चोख केलं, पण माणसाने ते आकडे लिहायचे की नाही हे त्यांच्या हातात नव्हतं. माझ्याकडे पत्ते येत ते असे: ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाजवळ, कुणालाही विचारा.’ कुरिअरच्या पोराने कुणाला विचारलं कोण जाणे, पार्सल परत.

परत येणं हाच या धंद्याचा गाभा आहे. फ्लिपकार्ट 2007 मध्ये बंगळुरूत पुस्तकं विकत सुरू झालं, आणि 2010 मध्ये त्यांनी माल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय आणली, तेव्हा कुठे आपला देश संगणकावर खरेदी करायला धजला. न बघितलेल्या माणसाला आधी पैसे देणं आपल्या रक्तातच नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्या सोयीची दुसरी बाजू दुकानदाराने बघायची असते. पार्सल दारात गेल्यावर ग्राहक म्हणतो, नको. कारण काहीही चालतं. एका सद्‌गृहस्थांनी लिहून दिलं होतं, “मागवलं तेव्हा भूक होती.” जायचं कुरिअर माझ्या नावावर, यायचंही माझ्या नावावर, आणि परत येईपर्यंत भडंग पार सादळलेलं. ते टाकवत नाही. आमच्याकडे त्या पावसाळ्यात सकाळी सादळलेलं भडंग कांदा घालून, दुपारी सादळलेलं भडंग ताकात, आणि संध्याकाळी कुणी आलं तर ते कढईत परतून. मेहुणा यायचा बंद झाला. ऑनलाइन व्यापाराचा हा एकमेव फायदा मला रोख मिळाला.

अशात दिवाळीआधीच्या महासेलसाठी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज इतका गोड, की तिच्या जागी मी असतो तर स्वतःलाच भडंग विकलं असतं. ती म्हणाली, “सर, तुम्ही फिफ्टी पर्सेंट ऑफमध्ये आलात तर तुमची व्हिजिबिलिटी खूप वाढेल.” मला वाटलं, ही सूट कंपनी देणार. पेपरात नेहमीच येतं की या मोठमोठ्या कंपन्या ग्राहक जोडण्यासाठी स्वतःच्या खिशातून कोट्यवधींचा तोटा सोसतात. मी म्हटलं, त्यांना सोसायचाच आहे तर आपण कशाला अडवा! हो म्हणून टाकलं.

छापील किंमत 240. सेलमध्ये 120. एका ठराविक बँकेचं कार्ड वापरलं की आणखी 10 टक्के कमी, 108.

सेल रात्री बाराला सुरू झाला. सकाळी मी फोन उघडला आणि सौभाग्यवतींना हाक मारली. त्यांनी एवढ्या ऑर्डरींचा आकडा बघितला, गॅसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “करा.” ‘करू या’ नव्हे. पोळ्यांच्या बाईंनाही त्यांनी सुट्टी देऊन टाकली. वेळेत माल निघाला नाही तर दंड असतो. मग मी जे केलं ते आमच्या नथीच्या लेबलला शोभणारं नव्हतं, पण धंदा म्हणजे धंदा: मी गणपती पेठेत गेलो, तिथल्या जुन्या ओळखीच्या दुकानातून तयार भडंगाची पोती उचलली, अर्ध्या किलोला 130 रुपये ठोक भाव. घरी आणून त्यावर लसणाची एक फोडणी आमची मारली. फोडणी घरची म्हणजे माल घरगुती, असं मी ठरवलं. हॉलमध्ये खोकी, बेडरूममध्ये खोकी, देवघरासमोर चिकटपट्टीची रिळं. शेजारची पोरं पॅकिंगला. चिकटपट्टीच्या त्या चर्र आवाजात मला पहिल्यांदाच आपण उद्योजक असल्यासारखं वाटलं.

त्यात सगळ्यात मनाला सुखावणारी गोष्ट म्हणजे खुद्द सांगलीतून ऑर्डरी येत होत्या. 416416. वेगवेगळी नावं, दहा-दहा पाकिटं. ज्या गावात गल्लोगल्ली भडंग मिळतं तिथली माणसं माझं भडंग मागवतायत, यापेक्षा मोठी पावती कुठली? मी सौभाग्यवतींना म्हणालो, “बघ, घरच्यांनी मानलं म्हणजे जगाने मानलं.” त्या म्हणाल्या, “घरच्यांनी म्हणजे कुणी?”

ही गावातली पार्सलं मी सहज चालत जाऊन दिली असती. पण नियमाने ती कुरिअरच्या गाडीत जायला हवीत. मोबाइलवर मी त्यांचा प्रवास रोज बघे. सांगलीतून कोल्हापूर, कोल्हापूरहून भिवंडीचं गोदाम. भिवंडीत एक रात्र. तिथून पुन्हा कोल्हापूर, मग सांगली. जाऊन-येऊन सातशेच्या वर किलोमीटर होतात. आपल्याकडे काशीयात्रा करून आलेल्या माणसाच्या पाया पडतात, तसं त्या पाकिटांच्या पडावं असं वाटे.

सेलच्या मध्यावर माल पुन्हा संपला. मी पुन्हा गणपती पेठेत. दुकानदार तोवर गिऱ्हाइकांत गुंतलेला. मी म्हटलं, “अरे, पोती राहू दे, पाकिटं तयार असतील तर तीच दे, माझं पॅकिंग वाचेल.” त्याने मागून तयार पाकिटांचा एक ढीग आणून ठेवला. वर त्याच्या दुकानाचं लेबल. मला ते काढून आमचं लावायचं होतं, म्हणून तिथेच नखाने एक कोपरा सोडवून पाहिला. लेबल सुळकन निघालं. खालून नथ दिसली.

मी दुसरं पाकीट घेतलं. खाली नथ. तिसरं, नथ. त्या सगळ्या पाकिटांतून सौभाग्यवती माझ्याकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर ‘करा’ हेच भाव होते.

दुकानदाराला अजिबात संकोच वाटला नाही. “काका, तुम्हाला 130 नं देतोय, आणि मोबाइलवर त्येच 108 ला मिळतंय. पुतन्याचं कार्ड हाय त्या बँकेचं. मी कशाला भाजत बसू?” मग जरा जवळ येऊन कौतुकाने म्हणाला, “आणि तुमची ती वरची फोडनी, झकास हाय बगा. गिऱ्हाइक विचारतंय, मसाला बदलला काय म्हणून.”

रात्री चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवर माझ्या खात्याची शीट उघडली. कंपनीचं कमिशन, कुरिअरचे तीन किलो, खोकं, चिकटपट्टी, आणि ती सूट, जी शेवटी माझ्याच खिशातून गेलेली होती. एका पाकिटामागे दीडशेच्या आसपास तोटा. “बाबा, विक्री जितकी वाढेल तितका तोटा वाढतोय.” मी म्हटलं, मोठ्या कंपन्यांचंही असंच असतं. तो म्हणाला, “हो, पण त्यांना त्यासाठी दुसरं कुणीतरी पैसे देतं.” मी आवाज येत नसल्याचं खुणेने सांगितलं. रेंजचा असा उपयोग मिस्ड कॉलच्या काळापासून मला येतो.

पण ते रात्रीचं झालं. दुकानात उभा होतो तेव्हा माझ्यापुढे प्रश्न वेगळा होता. संध्याकाळी गाडी येणार होती, माल नव्हता, दंड डोक्यावर होता. मी पाकिटं मोजली, ठिपक्यांच्या कागदावर मोबाइल धरला. 130 ने गुणून आलेली रक्कम त्या छोट्या स्पीकरने सगळ्या गणपती पेठेला ऐकू जाईल अशी जाहीर केली. पाकिटं रिक्षात भरत असताना दुकानदार मागून आला.

“काका, एक सांगायचं ऱ्हायलं. ते खोकं जरा मोठं घ्या की. गेल्या लॉटातली चार पाकिटं चुरा होऊन आली. परत पाठवलीत मी.” तो थांबला. “पैसे मिळतील न्हवं माझे?”